‘आधी रोग शिकू द्या, बोलणं आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांसाठी

पोस्टिंगग्रस्त
एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाची पोस्ट कालपासून फिरतेय. म्हणणं असं: एटकॉमचे (वागणूक, नीतिमत्ता आणि रुग्णाशी संवाद शिकवणारे) तास बंद करा, ओपीडीत माणसामागे दोन मिनिटं मिळतात, त्यात गोड बोलत बसू का? आधी रोग शिकू द्या, बोलणं आपोआप येईल.

नाही येत. आणि गोड बोला असं सांगितलंय कुणी? ‘चक्कर येते’ एवढंच घ्या. पोरं केसशीटवर ‘गिडिनेस’ लिहितात आणि पुढच्या खाटेकडे जातात. आजींच्या चक्करचे तीन अर्थ निघतात. घर गरगर फिरतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, किंवा डोकं ठीक पण चालताना तोल जातो. पहिल्यात कान बघाल, दुसऱ्यात बीपीच्या गोळ्या, रक्त आणि ठोके, तिसऱ्यात नसा आणि लहान मेंदू. कागदावर तिन्ही ‘गिडिनेस’, आणि औषध एकच, तेही महिनोन्‌महिने. याला सॉफ्ट स्किल म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

तिसरं वर्ष, दुसरी टर्म
पोस्ट माझीच. एका खाटेभोवती आम्ही बारा जण. पाचव्या पोरानं तेच पोट दाबलं की रुग्ण तोंड फिरवतो, सहाव्याला हिस्टरी कसली देणार? पुढे परीक्षेत लाँग केसला (एकाच रुग्णाची सविस्तर तपासणी) मार्क स्प्लीन, म्हणजे प्लीहा, हाताला लागली की नाही याचे. त्यात ऑल इंडिया कोट्यातून परराज्यातून आलेल्याला ‘उन्हाळी लागली’ म्हणजे लघवीला जळजळ हे कुठल्या पुस्तकात सापडणार? पहिल्या वर्षाच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्सला मराठी होतं म्हणे. ‘तुमचं नाव काय’पर्यंत.

निवांत न्यूरो
धागाकर्त्याचं निदानही जुन्या वहीतलं आहे. गरगरतं की अंधारी येते हे विचारून फारसं हाती लागत नाही, पाच मिनिटांनी परत विचारा, माणूस शब्द बदलतो. कधी येते, किती वेळ टिकते आणि कशानं येते, हे विचारा. कूस बदलल्यावर काही सेकंद? डिक्स-हॉलपाइक करा, म्हणजे मान वळवून झटकन आडवं करा आणि डोळे बघा. उभं राहिल्यावर? आडवं असताना बीपी, मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचं 20 किंवा खालचं 10 नं उतरलं की पकडलं. तासन्‌तास सलग, उलट्या आणि उभंच राहता येत नाही? स्ट्रोक मनात धरा, कानाची गोळी देऊन घरी पाठवू नका.

पोस्टिंगग्रस्त
बरं, शब्दांपेक्षा वेळ महत्त्वाची, मान्य. पण तेही विचारूनच कळतं ना? की एमआरआयला विचारायचं?

सिस्टर इनचार्ज
हिस्टरीवरून भांडा तुम्ही. डिस्चार्जच्या दिवशी समजावतं कोण? कार्डावर ‘इन्सुलिन 20–0–10’ (सकाळी 20, दुपारी काही नाही, रात्री 10) लिहून डॉक्टर राउंडला पुढे. सरकारी बाटली मिलीला 40 युनिटची. बाहेरच्या दुकानातून मिलीला 100 च्या खुणांची सिरिंज आली की 20 च्या रेघेपर्यंत भरलं तरी आत जातात 8 युनिट. आठवड्यानं शुगर चारशे, आणि केसपेपरवर शेरा काय? ‘रुग्ण औषध घेत नाही.’

औषधवाला
उलटं जास्त घातक. इन्सुलिन पेनची सुई संपली म्हणून पेनातल्या कार्ट्रिजमधून, म्हणजे औषधाच्या नळीतून, 40 च्या सिरिंजनं ओढतात. कार्ट्रिज 100 चं. 20 ची रेघ म्हणजे अर्धा मिली, 50 युनिट. पहाटे घामाघूम, बेशुद्ध. आणि दोष दुकानाला! चिठ्ठीवर नुसतं ‘सिरिंज’ लिहिता, 40 की 100 लिहायला हात दुखतो का?

तिसरं वर्ष, दुसरी टर्म
मग सगळ्यांना पेन द्या, विषय संपला.

सिस्टर इनचार्ज
संपला? भावी डॉक्टरसाहेब, पेन कधी हातात धरलंय? सुईचं आतलं टोपण न काढताच टोचतात. आधी 2 युनिट हवेत सोडून थेंब आला का बघत नाहीत. बटण दाबून दहापर्यंत मोजायच्या आत सुई बाहेर, औषध पोटावरून ओघळतं. 30/70 हे मिश्र इन्सुलिन तळहातांत घोळवत नाहीत. फ्रिजच्या दारात ठेवा म्हटलं तर बर्फाच्या कप्प्यात ठेवतात, आणि गोठलेलं फेकावंच लागतं. ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वॉर्ड मान डोलावतो. ‘घरी कसं भराल ते करून दाखवा’ म्हटलं की खरं काय ते कळतं. लागतात तीन मिनिटं.

निवांत न्यूरो
धागा चक्करचा होता.

औषधवाला
50 युनिट गेल्यावर येते तीही चक्करच.

पोस्टिंगग्रस्त
टीबीचंही तेच. रिफाम्पिसिन या गोळीनं लघवी केशरी होते हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही, तर माणूस ‘रक्त जातंय’ म्हणून गोळ्या थांबवतो. सहा महिन्यांच्या कोर्सचं पाणी एका न बोललेल्या वाक्यापायी.

तिसरं वर्ष, दुसरी टर्म
ठीक आहे, ‘करून दाखवा’ घेतलं. कूस बदलण्याचंही विचारीन. पण हे एटकॉमच्या तासात सांगतं कोण? तिथे सहानुभूतीवरच्या स्लाइड्स आणि हजेरी. बंद करा म्हटलं ते त्याला.

सिस्टर इनचार्ज
मग पोस्टमध्ये तसं लिहायचं होतं. डिस्चार्जच्या वेळी वॉर्डात थांबा, स्लाइड लागत नाही.

औषधवाला
आणि सिरिंजची लाल टोपी 40, केशरी 100 हे पाठ करून थांबू नका. टोपी बदललेली असते. नळीवरचा आकडा वाचायचा, मग बाटलीवरचा.