मदत हवी आहे: अगत्तीला जाताना परमिटवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव वेगळं

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला घेऊन लक्षद्वीपला निघालोय. मुंबई ते कोची, तिथे एक मुक्काम, मग सकाळचं छोटं विमान अगत्तीला. लक्षद्वीपमध्ये विमानतळ तेवढा एकच, त्यामुळे विमानाने उतरायला दुसरा पर्याय नाही.

देशातलाच प्रवास असला तरी 1967 च्या नियमांमुळे बाहेरच्यांना प्रवेश परमिट लागतं. पोलिसांचा चारित्र्य दाखला काढला, परमिटही हातात आलं. घोळ त्यानंतर लक्षात आला. आईच्या आधारवर आणि परमिटवर तिचं नाव, बाबांचं नाव, आडनाव असं सगळं आहे. तिकीट मी घाईत काढलं, त्यात बाबांचं नाव गाळलं. शिवाय आडनावात एका कागदावर 'व्ही' आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू'. (आपल्याकडे हे घरोघरी असतं म्हणा!) तिकीट एजंट म्हणतो, "काही होत नाही हो." त्याचं काय जातंय?

कोचीला चेक-इनच्या वेळी परमिट आणि तिकीट शब्दन् शब्द जुळवून बघतात का? की आधार दाखवलं की भागतं? नाव दुरुस्त करून घेतलेलं बरं का?

आणखी एक. आईचं इन्सुलिन मी हातातल्या बॅगेतच ठेवणार आहे. सोबत बर्फाची जेल पाकिटं असतील तर सुरक्षा तपासणीत अडवतात का? डॉक्टरांची चिठ्ठी आहे, पण मराठीत लिहिलेली. इंग्रजीत घेऊ का?

अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.