नागपूरवाल्यानं गोव्यात जायचं तरी कुठं?

सदरचा_प्रवासी
परवा आपल्याच शहरातल्या एका भटक्यानं गोव्याबद्दल लिहिलं. म्हणणं थोडक्यात असं : 'गोवा तीन दिवसांत होते. दोन दिवस बागा-कळंगुट, एक दिवस जुनं गोवं, झालं. दक्षिणेत नुसते झोपणारे लोक, आतल्या भागात नुसती झाडं. झाडं पाहायला आपलं पेंच आहेच.' त्याखाली सगळ्यांचं 'बरोबर आहे भाऊ'. दोन रात्री ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचं. आपला एकटा गडचिरोली जिल्हा जवळपास त्याच्या चौपट. नकाशात एवढंसं दिसते म्हणून लोकांना वाटते उरकून टाकू. पण पेडण्याचा किनारा (केरी, हरमल, मांद्रे, मोरजी) वेगळा आणि बारदेशातलं कळंगुट वेगळं. रायबंदरहून फेरीबोटीत बसा, थोड्या वेळात चोडण नाहीतर दिवाडी बेटावर उतरता. तिथं पणजीचा आवाजही पोचत नाही. साष्टीतली ओसरीची जुनी घरं वेगळी. दक्षिण टोकाला काणकोणात पालोळे आणि आगोंद, त्यापुढे गालजीबाग, जिथं हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. आणि आत सत्तरी, धारबांदोडा, सांगे. तिथं तर आपल्यातला कोणी फिरकतच नाही.

मी वडिलांना घेऊन सांग्याला गेलो होतो. ते चित्रकलेचे शिक्षक, तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. रिवणच्या पुढे कुशावतीच्या काठावर पणसायमळला जांभ्या दगडात बैल, हरणं, माणसं आणि एक मोठं चक्रव्यूहासारखं चित्र कोरलेलं आहे. भिंतीवर नाही, चालतो त्या जमिनीवर. १९९३ पर्यंत ते गाळाखाली होतं. वडील चपला काढून त्याच्या कडेला बसले ते तासभर उठलेच नाहीत. 'हे ज्यानं काढलं त्याचा हात थरथरत नव्हता,' एवढंच बोलले. पुढच्या वर्षी ते गेले. त्या भागाला कोणी 'नुसती झाडं' म्हटलं की माझ्या जिवाला लागते.

म्हणून माझं सांगणं : एका खेपेला एकच भाग घ्या, चार दिवस तिथंच राहा.

दोन_लेकरांची_आई
काका, तुमच्या वडिलांबद्दल वाचून डोळे भरून आले. तरीही मी त्या भटक्याच्याच बाजूनं आहे.

तुम्हाला एकच भाग चार दिवस परवडतो. आमच्या घरात ह्यांना वर्षातून एकदा आठ दिवस सुट्टी मिळते. त्यातले तीन जाण्यायेण्यात. मडगावची गाडी आठवड्यातून दोनदा, तीही भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल असा अख्खा महाराष्ट्र दाखवत नेते, चोवीस तासांच्या वर. विमानाचं तिकीट मे महिन्यात चौघांचं काढून बघा. माझ्या लेकरांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा धाकटी घाबरून रडली आणि मग दोन तास पाण्यातून निघेना. त्या पोरीला मी दगडावरचे बैल दाखवायला नेऊ? जंगल आम्हाला दर हिवाळ्यात दिसते, ताडोबा आहे, पेंच आहे, नवेगाव आहे. समुद्र नाही आमच्याकडे. समुद्राला गेलेल्या माणसाला 'तुम्ही चुकीचं पाहिलं' असं का सांगता?

फुटाळ्याचा_पोट्टा
ताई एकदम बरोबर. बाकी दक्षिणेत संध्याकाळी सातनंतर करायचं काय ते सांगा कोणी. आम्ही पाच पोट्टे पालोळ्याले गेलो होतो, नऊ वाजता रस्ता सामसूम. परत उत्तरेत आलो.

आणि गाडी भाड्यानं घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. आम्हाले एकानं पांढर्‍या पाटीची दिली, स्वस्त म्हणून. पोलिसानं धरलं, दंड आम्ही भरला, मालकानं फोनच उचलला नाही. अर्धी सुट्टी तिथंच गेली.

अंत्रुजची_लेक
मी फोंड्याची. लग्न होऊन नागपुरात आले त्याला बावीस वर्षं झाली. दोन्ही बाजूंचं वाचलं, दोन्हींचा राग आला.

आई म्हणतात जंगल त्यांच्याकडे आहे. प्रवासीभाऊ म्हणतात खरा गोवा आत आहे. अहो, खरा-खोटा कशाला? माझी मावशी कळंगुटची, तिचं घर तिथंच आहे, ती काय खोटी? पण फोंड्याचं नाव दोघांनीही घेतलं नाही याचं वाईट वाटलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज साष्टी-तिसवाडीतली देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलले आणि नदीपलीकडे, पोर्तुगीज हद्दीबाहेर अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे आणले. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, देवकीकृष्ण चोडणहून निघून शेवटी माशेलला थांबला. आषाढी एकादशीच्या दुसर्‍या दिवशी त्याच्या अंगणात चिखलकाला होतो, म्हातारे-पोरं सगळे चिखलात. माझे भाऊ अजून खेळतात. ज्या प्रवाशाला हे ठाऊक नाही त्याला मंगेशी म्हणजे बस थांबते ते एक देऊळ वाटतं.

आणि आई, तुम्ही मे महिन्यात जाता ना? तो आमच्या घरी सगळ्यात मोठा महिना. मानकुराद आंबा, फणस, पावसाळ्यासाठी सुकी मासळी आणि मिरच्या भरून ठेवायची धांदल. नागपूरच्या ४५ अंशांतून येणार्‍याला तिथला घाम काहीच नाही.

दोन_लेकरांची_आई
मे मिळाला तर. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून ह्यांची सुट्टी बरेचदा जूनमध्ये पडते. एकदा तशाच गेलो. पाऊस लागलेला, लाल बावटे, जीवरक्षक पाण्याजवळ फिरकू देईना, शॅक उतरवलेले. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद, ताजं काही नाही. सासूबाई शाकाहारी, त्यांनी चार दिवस ब्रेड-बटर खाल्लं. पैसे आगाऊ घेणार्‍या एजंटनं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

सदरचा_प्रवासी
हेच तर माझं म्हणणं! जूनमध्ये किनारा बंद असतो, आतला गोवा तेव्हाच उघडतो. सत्तरीतले ओहोळ, साखळीजवळचा हरवळेचा धबधबा, साळावलीच्या धरणाचा तो गोल सांडवा. दूधसागरच्या जीपगाड्या तेवढ्या पावसात बंद असतात.

वर्धा_रोड
मुद्दा कुठं जायचं हा नाहीच. पोचायचं कसं हा आहे. मुंबईचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर. आता गोव्याचा शक्तिपीठ महामार्ग होऊ द्या. वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी, जाहीर झाला तेव्हा ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. सरकार म्हणते अठरा तासांचे आठ होतील. मग वर्षातून तीनदा जा, एकदा उत्तर, एकदा दक्षिण, एकदा फोंडा. हा सगळा वाद तिथंच मिटते. विदर्भाला समुद्र मिळून राहिला आणि लोक मोर्चे काढून राहिले, हे मला समजत नाही.

आर्वीवाला
नाही समजत, कारण तुमचं वावर नाही गेलं. माझ्या मामाचं गेलं, एका मोठ्या रस्त्यात. कोणत्या ते सांगत नाही. पैसा चांगला भेटला, खोटं कायले बोलू. पण पाच एकरांचे दोन तुकडे झाले, विहीर इकडे, कपाशी तिकडे. बैलगाडी घेऊन दुसर्‍या तुकड्यात जायले खालच्या बोगद्यापर्यंत वळसा. मामानं दोन वर्षांत बैल विकले. पैसा दोन्ही पोरांच्या लग्नात आन घरात गेला. आता मामा दुसर्‍याच्या वावरात मजुरीनं जाते. तुम्ही शुक्रवारी रात्री निघून शनिवारी समुद्रावर नाश्ता करावा म्हणून?

वर्धा_रोड
नाश्त्यासाठी नाही. तुम्ही तुमचं सांगितलं, माझं ऐका. माझा थोरला भाऊ कोल्हापूरहून परत येताना रात्री दोन वाजता एका अरुंद पुलावर गेला. समोरून ट्रक, मध्ये दुभाजक नाही. वहिनीला कळवायला मी गेलो होतो. रुंद, दुभाजक असलेला रस्ता म्हणजे चैन, असं मला कोणी शिकवू नये.

आर्वीवाला
तुमच्या भावाचं वाचून खरंच वाईट वाटलं. त्यावर मी काही बोलणार नाही. पण तो पूल रुंद करा ना, तो रस्ता दुरुस्त करा. जुना रस्ता तसाच मरू द्यायचा आन शेजारच्या काळ्या मातीतून नवा काढायचा, हे काहून? कोल्हापूरकडचे शेतकरी उगाच नाही उठले. बारमाही पाण्याची जमीन त्यांची.

फुटाळ्याचा_पोट्टा
धागा गोव्याचा होता ना बाप्पा? देवदर्शनाचा रस्ता आहे तो. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर. आजीले नेता येईल तरी.

आर्वीवाला
माहूर-तुळजापूरले आजही एसटी जाते. माझी आजी एसटीनंच गेली, सत्तर वर्षांची असताना. देवीनं वावर मागितलं नाही कधी.

अंत्रुजची_लेक
रस्ता पत्रादेवीला थांबतो म्हणता. पत्रादेवी काय आहे ठाऊक आहे का? १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही तिथून गोव्यात शिरत होते, पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. स्मारक आहे तिथं. तुमच्यातले किती जण उतरून पाहतात? आणि तिथून पुढे पेडणे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. माझी आत्या त्या बाजूला राहते. काजूच्या डोंगरावर आता कुंपणं आणि 'प्लॉट विकणे आहे'च्या पाट्या. प्रवासीभाऊंनी कौतुक केलेलं केरी, मांद्रे तेच. आठ तासांत यायला लागाल तेव्हा तिथं पाहायला काय उरेल, हे माझ्यासारख्या माहेरवाशिणीनं नाही विचारायचं तर कोणी?

वर्धा_रोड
म्हणजे नागपूरवाल्यानं येऊच नये. सरळ सांगा.

अंत्रुजची_लेक
असं मी म्हटलं नाही, भाऊ. माझे नवरा-पोरं नागपूरचीच. या, पण राहायला या. आठ तासांत येऊन दहा तासांत परत जाणार्‍याचं आमच्याकडे एकच काम, कचरा टाकणं. माशेलच्या रस्त्याकडेला दर सोमवारी माझा भाऊ बाटल्या वेचतो.

वर्धा_रोड
बाटल्यांचं मान्य. आमच्यातले टाकतात, मी पाहिलं आहे. बाकीचं मान्य नाही. रस्ता हवाच.

आर्वीवाला
रस्ता हवा तर पहिले वळसा मोजा. वावराच्या प्रत्येक तुकड्याले गाडीवाट द्या, लेखी. तेवढं झालं तर मी गप्प बसतो. आता नाही.

सदरचा_प्रवासी
ताई, मला एक मान्य करायला हवं. लेकराला पहिला समुद्र दाखवणार्‍या आईला मी सांग्याला पाठवत होतो, ते चुकलं. वडिलांच्या आठवणीत बोललो.

दोन_लेकरांची_आई
चूक मानलीत हे बरं वाटलं काका. पण मत माझं तेच आहे, पहिल्या खेपेला समुद्र. अंत्रुजताई, एक विचारते : सासूबाई या वेळी येणार आहेत. कांदा-लसूणही खात नाहीत. फोंड्याकडे त्यांच्या जेवणाचं होईल का?

अंत्रुजची_लेक
होईल म्हणजे काय! सोमवारी तर आमच्या अर्ध्या गावात शिवराकच, म्हणजे शाकाहारी जेवण. खतखतं, म्हणजे आमची मिसळीची भाजी, खायला घाला त्यांना, तिरफळं घातलेलं. ती चावायची नाहीत, बाजूला काढायची, आधी सांगा. मंगेशी आणि कवळे एका सकाळी होतात. उन्हं चढायच्या आत निघा.

दोन_लेकरांची_आई
मग चारांतला एक दिवस फोंड्याला. तीन समुद्राचे. त्यात बदल नाही.

सदरचा_प्रवासी
ते तीन कळंगुटऐवजी काणकोणात काढा एवढंच सांगतो. पालोळ्याचं पाणी बरंच शांत, धाकटी घाबरणार नाही. बावटा आणि जीवरक्षक पाहूनच उतरवा.

फुटाळ्याचा_पोट्टा
आन नऊनंतर?

दोन_लेकरांची_आई
नऊनंतर आमची लेकरं झोपलेली असतात.