कोलेस्टेरॉलसाठी इसबगोल: किती, कधी आणि कोणतं? (मदत हवी आहे)

शेवंती_७:
नमस्कार मंडळी. वय ४७. यंदाच्या रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल २३८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १५८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४४, ट्रायग्लिसराइड्स १८०. बीपी-शुगर नाही. थायरॉइडची गोळी मात्र बरीच वर्षं चालू आहे. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाणंपिणं सांभाळा, चाला, विरघळणारं फायबर वाढवा. नाहीच उतरलं तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू करू. फायबर म्हणजे नेमकं काय घ्यायचं, ते विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला होता.

आमच्याकडे इसबगोल म्हणजे पोट साफ होण्यासाठी रात्री दुधातून, एवढंच माहीत. मेडिकलवाल्याने 'त्यापेक्षा हे भारी' म्हणून प्रीबायोटिक फायबरचा महागडा डबा दिलाय. डब्यावर बारीक अक्षरात इन्युलिन लिहिलंय. तर:
यातलं कोलेस्टेरॉलला कोणतं उपयोगी? रोज किती? आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉइडच्या गोळीबरोबरच उरकून टाकलं तर चालेल का?

खारीबिस्कीट:
माझ्या नवऱ्याचं इसबगोलाने काडीइतकंही हललं नाही. अर्थात तो चमचाभर इसबगोल घेऊन वर बटाटेवडे हाणायचा, त्यामुळे दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

जुना_कंपाउंडर:
शेवंतीताई, तो डबा परत घेत असतील तर देऊन या. विरघळणारं सगळंच फायबर एलडीएल उतरवत नाही. पाण्यात फुगून बुळबुळीत, दाट होणारं लागतं. इन्युलिन पाण्यात साखरेसारखं विरघळून जातं. आतड्यातल्या जिवाणूंना ते आवडतं, पण एलडीएलवर त्याचा फारसा परिणाम नाही. इसबगोल पेल्यात टाकून दहा मिनिटं विसरा, चमचा उभा राहील असा गोळा होतो. आतड्यात हाच गोळा पित्ताम्लं (यकृत बनवतं ती पित्तातली आम्लं) धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. मग यकृताला नवी पित्ताम्लं करायला कोलेस्टेरॉल लागतं, ते रक्तातून उचललं जातं. पित्त जेवणाबरोबर सुटतं, म्हणून कोलेस्टेरॉलसाठी इसबगोल जेवणाच्या आसपास घ्यायचं, झोपताना नव्हे.

मात्रा: दिवसाला साधारण १० ग्रॅम भुसा, म्हणजे ७ ग्रॅमच्या आसपास विरघळणारं फायबर. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक संस्था) १९९८ साली इसबगोलाच्या पाकिटावर हृदयरोगाचा धोका कमी होण्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच मात्रेवर. पोह्याच्या मोठ्या चमच्याने दोनदा, पण एकदा वजनकाट्यावर बघून घ्या. भुसा फार हलका असतो. पहिल्या दिवशीच पूर्ण मात्रा घेतलीत तर गॅसने पोट नगारा होईल. अर्ध्या चमच्यापासून चढवत न्या. दर वेळी निदान एक मोठा पेला पाणी हवंच. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी हा प्रकार करू नका, घशात अडकतो. गिळायला त्रास असेल किंवा आतडं अरुंद झाल्याचं निदान असेल त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

अपेक्षा माफक ठेवा. एलडीएल ५ ते १० टक्के उतरतं, म्हणजे तुमचं १५८ चं १४२-१५० होईल. ट्रायग्लिसराइड्सवर याचा भरवसा नको. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल आणखी ६ टक्क्यांच्या आसपासच उतरतं, त्या हिशेबाने चमचाभर भुश्याची ही कामगिरी वाईट नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि खरा घोळ इथेच आहे. थायरॉइडच्या गोळीबरोबर मुळीच घेऊ नका. इसबगोल ती गोळी अंगी लागू देत नाही, चार तासांचं अंतर ठेवा. गोळी कमी पोचली की टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन) वाढतो, आणि थायरॉइड मंदावला की एलडीएल चढतं. उतरवायला घेतलेलं औषधच ते वर नेईल. यंदाच्या रिपोर्टात टीएसएच किती आला?

शेवंती_७:
टीएसएच यंदा केलेलाच नाही. गेल्या वर्षी ठीक होता म्हणून पॅकेजमधून वगळून घेतला. शिवाय गोळीनंतर लगेच चहा होतोच.

जुना_कंपाउंडर:
मग आधी टीएसएच करा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. तो वाढलेला निघाला तर आधी गोळीची मात्रा बघावी लागेल. ती बसल्यावर कोलेस्टेरॉल पुन्हा तपासायचं, स्टॅटिनचा विचार त्यानंतर. गोळीनंतर अर्धा ते एक तास चहा नको. इसबगोल दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी ठेवा, म्हणजे सकाळच्या गोळीशी गाठच पडणार नाही. दुसरी काही औषधं असतील तर त्यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

शेवंती_७:
उद्याच रक्त देते. ताकातून घेतलं तर चालेल ना? आणि भाकरीच्या पिठात मिसळलं तर?

खारीबिस्कीट:
ताकात मस्त, फक्त ढवळून लगेच प्या, नाहीतर खरवस होतो. ज्वारीच्या पिठाची विरी गेलेली असली की मी पिठात चमचाभर टाकते, भाकरी चिरत नाही.

जुना_कंपाउंडर:
भाकरीत चालेल, पण कुणाच्या ताटात किती गेलं ते कळत नाही. तुमची मात्रा पेल्यातूनच घ्या. आणि संत्र्याच्या चवीचं पाकीट आणणार असाल तर मागे साखर किती आहे ते वाचा, साधा भुसा त्यापेक्षा स्वस्त पडतो.