लॉनला युरिया जास्त झाला, गवत करपलंय. परत येईल का?

फुलेवाडीची सून
घरापुढं पाचशे चौरस फुटांचं लॉन आहे, सिलेक्शन वन जातीच्या गवताचं. पाच वर्षांपूर्वी सासऱ्यांनी गुडघ्यावर बसून स्वतः लावलंय. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता रोज सकाळी चपला काढून, काठी टेकत गवतावरून फाटकापर्यंत जाऊन येतात.

दिवाळीनंतर गवत फिकट पडलं म्हणून मी शेतावरच्या पोत्यातला दोन किलो युरिया आणला आणि गुरुवारी सकाळी सातला मुठीनं फेकला. दव होतं, दाणे पात्यांना चिकटले. पाणी दिलं ते संध्याकाळी. शनिवारी ताटाएवढे तपकिरी चट्टे दिसले, नेमके त्यांच्या वाटेवर. बाबा बोलले काहीच नाहीत. चट्ट्याला वळसा घालून चालतात, आणि वळताना तोल जातो. गवत मेलं का? पुढं किती टाकायचं?

शिरोळचा ऊसवाला
ताई, हिशोब बघा. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन. पाचशे फुटांवर दोन किलो म्हणजे हेक्टरी दोनशे किलोच्या आसपास नत्र झालं. आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाला आम्ही हेक्टरी 400 किलो नत्र देतो, तेबी चार हप्त्यांत. त्याच्या निम्मं तुम्ही एका सकाळी दिलंय, आन् गवताला उसाएवढी भूक नसती. तुमच्या जागेला एका वेळी पाव किलो लई झालं.

कळंब्याचा रोपवाटिकावाला
पात्यावर दाणा दवात विरघळला की खताचं कडक पाणी होतं आणि ते पात्यातलाच ओलावा ओढून घेतं. म्हणून करपतं. मुळं मेलीच असतील असं नाही. चट्ट्यातली एक धावती (जमिनीवर आडवी पसरणारी) काडी उपटून नखानं सोला. आत पांढरी, ओलसर असली तर ती फुटणार. पोकळ, तपकिरी असली तर तेवढाच तुकडा काढून शेजारची हरळी लावा. सिलेक्शन वन शेवटी हरळीच्याच जातीतलं, भरून येतं. तीन-चार दिवस रोज सावकाश, खोलवर पाणी द्या, म्हणजे उरलेलं खत खाली जाईल. पाणी तुंबू देऊ नका.

आणि फिकटपणाचं एक. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात हे फार दिसतं. त्याला युरियाचा उपयोग नाही. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट संध्याकाळी फवारा, फरशीवर पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. शिवाय थंडीत हे गवत मंदावतंच. पुढच्या खताला फेब्रुवारी संपेपर्यंत थांबा.

राजारामपुरीकर
पुढच्या वेळी दुपारी, पाती कोरडी असताना टाका. पाव किलो युरिया एक पाटी कोरड्या वाळूत कालवायचा, निम्मा उभा फेकायचा, निम्मा आडवा. लगेच पाणी. उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडून जातो. कापलेलं बारीक गवत तिथंच राहू द्या, त्यातलं नत्र परत मातीत जातं.

फुलेवाडीची सून
आत्ता सहा ठिकाणी काड्या सोलून बघितल्या. पाच पांढऱ्या, फाटकाजवळची एक तपकिरी. कोवळी पानं हिरवीगार आहेत, म्हणजे लोहाचं नसावं. पाणी सोडलंय. फाटकाजवळचा तुकडा बाबा म्हणाले मीच लावतो, उजव्या हातानं जमतंय. रविवारी मी खाली बसून काड्या त्यांच्या हातात देईन.