शब्दचर्चा : काडीकिड्याची ‘नवी प्रजाती सापडली’ म्हणजे नेमकं काय झालं?

कुंपणकाठी :
ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ॲथरटन पठारावरचा एक प्रचंड काडीकिडा २०२५ साली ‘ॲक्रोफायला आल्टा’ या नावाने जाहीर झाला. मादीचं वजन ४४ ग्रॅम. ‘अँगस एमट आणि रॉस कूपलँड यांनी नव्या प्रजातीचा शोध लावला’ हे वाक्य मराठीत बरोबर आहे का? इंग्रजीत अशा ठिकाणी ‘डिस्क्राइब’ हे क्रियापद असतं. ‘वर्णन केले’ म्हटलं तर वाचक विचारेल, वर्णन काय, कोणीही करील. शिवाय काडीकिडा की यष्टिकीटक? आणि होलोटाइपला, म्हणजे नाव ज्याच्यावर आधारलेलं असतं त्या एका निवडलेल्या नमुन्याला, काय म्हणायचं?

तणकट :
सोपं आधी. काडीकिडा. यष्टिकीटक चुकीचा नाही, पण ‘यष्टी’ म्हटल्यावर आज लोकांना क्रिकेटच आठवतं. संपूर्ण गणाचं नाव फास्मॅटोडिया. ग्रीक ‘फास्मा’ म्हणजे भूत, आभास. आत्ता होता, आत्ता नाही, म्हणून.

‘शोध लावला’ काढाच. शोध लावतात तो यंत्राचा, औषधाचा. जे आधीपासून आहे त्याचा शोध ‘लागतो’. आणि ‘प्रजाती’वर आपल्याकडे जुना घोळ आहे. मराठी विश्वकोशातल्या प्राण्यांच्या नोंदींत स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘प्रजाती’ म्हटलेलं आढळतं. हिंदीत प्रजाति म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांनी हिंदीचा अर्थ उचलला, त्यामुळे ‘नवी प्रजाती’ वाचून एक जण जाती समजतो, दुसरा तिच्या वरची पायरी. इथे ॲक्रोफायला ही प्रजाती जुनीच आहे, नवी आहे ती आल्टा ही जाती. दोन्ही अर्थ एकाच मजकुरात आले की अनर्थ होतो. एक पद्धत धरा आणि पहिल्या उल्लेखात ती सांगून टाका.

दुर्बीण :
‘वर्णन’ हाच शब्द ठेवावा असं माझं मत, पण तो इथे कायद्याच्या भाषेतला आहे हे वाचकाला कळायला हवं. किडा दिसला, पकडला, फोटो काढला, तरी विज्ञानाच्या दप्तरात काहीच घडलेलं नसतं. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नाव ग्राह्य धरायचं तर ते प्रकाशित हवं, नवं असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं, इतरांपासून वेगळं काढणारी लक्षणं शब्दांत मांडलेली हवीत, आणि १९९९नंतरच्या नावांना नाव ज्याच्यावर आधारलं तो नमुना कुठला व तो कुठल्या संग्रहात ठेवला (किंवा ठेवणार) हे सांगावं लागतं. फक्त ऑनलाइन प्रकाशन असेल तर झूबँक या नोंदवहीतला क्रमांकही. यातलं लक्षणांचं कलम राहिलं तर नाव हवेत लटकतं. त्याला लॅटिनमध्ये चक्क ‘नागडं नाव’ म्हणतात. म्हणून ‘विधिवत वर्णन करून नाव दिले’ असं लिहा. बातमीत एवढ्याला जागा नसेल तर ‘नवी जाती म्हणून नोंदवली’ पुरे.

जाता जाता, वर्णनातल्या ‘डायग्नोसिस’चं कुणी ‘निदान’ करतं तेव्हा किडा आजारी वाटतो. त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे : व्यवच्छेदक लक्षण. सगळ्यात जवळच्या भाऊबंदापासून हा कशाने वेगळा, तेवढंच दोन-चार ओळींत. बाकी शेपटापर्यंतचं सविस्तर वर्णन वेगळं येतं.

तणकट :
होलोटाइपचे तीन मराठी शब्द नजरेस येतात आणि तिन्ही फसतात. ‘आदर्श नमुना’ : आदर्श वगैरे काही नसतो, पाय तुटलेला, रंग उडालेलाही चालतो. ‘आद्य नमुना’ : तो पहिला सापडलेलाच असावा असं नाही, लेखकाने निवडलेला असतो. ‘नामधारी नमुना’ : अर्थाने अगदी जवळ, पण मराठीत नामधारी म्हणजे ‘नावापुरता’, म्हणजे नेमका उलटा अर्थ. पुढे एका जातीच्या दोन निघाल्या, तर हा एक नमुना ज्या बाजूला जाईल त्या बाजूला नाव जातं. त्यामुळे ‘नामधारक नमुना’ म्हणावं, नाहीतर सरळ होलोटाइप.

चिमटा :
लांबीबद्दल लिहितो, कारण भाषांतरात सगळ्यात जास्त चूक तिथे होते. काडीकिड्याला दोन लांब्या असतात. ‘अंगलांबी’ डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत, शृंगिका (डोक्यावरच्या लांब मिशा) सोडून. ‘एकूण लांबी’ पुढचे पाय सरळ ताणून. काडीचं सोंग घेताना तो पुढचे पाय डोक्यापुढे जुळवून धरतो; डोकं मध्ये बसावं म्हणून त्या मांड्या बुडाशी वाकलेल्याही असतात. बोर्निओतला फोबेटिकस चानी (२००८) एकूण ५६.७ सेंटिमीटर, पण अंग ३५.७. केवढा फरक! आल्टाचा ४० सेंटिमीटर हा आकडा बातम्यांतून फिरला, त्याच्यापुढे कुठली लांबी ते मूळ लेखातून पाहूनच लिहा.

पायांच्या मापातही खोड आहे. पिल्लू असताना पाय गळला तर पुढच्या कातींबरोबर नवा फुटतो, पण तो आखूड राहतो आणि पावलात पाचाऐवजी चारच पेरं येतात. असा पाय मोजून ‘आखूड पायांची नवी जाती’ करता येते! पेरं आधी मोजायची, मग पट्टी लावायची. रंगावरही भिस्त नको. एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी निघतात, आणि वाळवल्यावर हिरवा किडा मातकट होतो. म्हणून जिवंतपणीचे फोटो मोजपट्टीसकट.

दुर्बीण :
आणि अंडी. या गणात अंडं म्हणजे अंगठ्याचा ठसा : आकार, पृष्ठभागावरचे खड्डे-जाळी, झाकण, प्रत्येक जातीचं निराळं. आल्टा वेगळी ठरवतानाही अंड्यांचा आधार घेतला होता. दिसतं एखाद्या बीसारखं. एरंडीची बी डोळ्यांपुढे आणा, टोकाशी ती पांढरट गाठ असते ना, तशी काही जातींच्या झाकणावर बोंडी असते. एरंडीप्रमाणेच मुंग्या त्या बोंडीसाठी अंडं उचलून वारुळात नेतात. माप घेताना बोंडी धरून आणि सोडून, दोन्ही लिहायची, कारण ती गळून पडते. फोटो तीन : बाजूने, झाकणाकडून, आणि रंध्रपट्टी वर करून. शुक्रजंतू शिरण्याचं बारीक भोक त्या पट्टीवर असतं.

भाषांतरकाराला सापळा असा की ‘ऑपर्क्युलम’ हा एकच शब्द या कीटकांत दोन जागी येतो. अंड्याचं झाकण, आणि मादीच्या पोटाखालची लांबट खोलगट पट्टी, जिच्यात अंडं बाहेर पडताना टेकतं. दोन्हीकडे ‘झाकण’ लिहिलं तर अंड्याला त्याच्याहून मोठं झाकण बसेल. मादीच्या पट्टीला मी ‘पन्हळ’ म्हणेन, दिसतेच तशी.

कुंपणकाठी :
नर सापडला नसताना जाती जाहीर करता येते?

चिमटा :
येते. संहितेला एक नमुना पुरतो. आल्टाचंही वर्णन माद्यांवरून झालं. धोका मात्र खरा आहे. काडीकिड्यांत नर किरकोळ, बहुधा पंखवाला; मादी जाडजूड. दोघं एकत्र पकडले गेले नाहीत तर दोन नावं पडतात. पर्णकीटकांत (याच गणातले, पानाचं सोंग घेणारे) नॅनोफिलियम ही प्रजाती १९०६ साली केली ती नुसत्या नरांवरून. माद्या वेगळ्याच, फिलियम या प्रजातीत. पापुआ न्यू गिनीहून आलेली फिलियम असेकियन्सची अंडी माँट्रिअलच्या कीटकालयात उबली आणि त्यातून नॅनोफिलियमचे नर बाहेर आले. २०२०मध्ये जोडी जुळवून प्रसिद्ध झाली. उलट आपल्याकडच्या, तमिळनाडूच्या पळणी डोंगरांतल्या कॅरॉसियस मोरोससला (१९०१) नराची गरजच पडत नाही, माद्या एकट्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवतात. ‘मोरोसस’ म्हणजे किरकिऱ्या.

भारतात कुणाला नवी जाती मिळाली तर जैवविविधता कायदा, २००२च्या कलम ३९प्रमाणे नेमलेल्या भांडारसंस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. त्याला ‘पुरावा-नमुना’ म्हणा. तो आणि नामधारक नमुना एकच असेल असं गृहीत धरू नका.

कुंपणकाठी :
आता वाक्य असं केलं : ‘एमट आणि कूपलँड यांनी २०२५मध्ये ॲक्रोफायला आल्टा या काडीकिड्याचे नवी जाती म्हणून विधिवत वर्णन केले. आल्टा म्हणजे उंचावरची.’ नावात ‘ल्टा’ की ‘ल्ता’?

तणकट :
लॅटिन ‘त’ दंत्य, म्हणून खरं तर ‘आल्ता’. पण तसं छापलंत तर निम्मे वाचक त्या मादीच्या सहाही पायांना आळता लावून मोकळे होतील. ‘आल्टा’ राहू द्या. आणि अर्थ देताना ‘उंच’ लिहू नका, तो किड्याच्या मापाला चिकटेल. ‘उंचावरची’ बरोबर आहे, पठारावरच्या वस्तीमुळे. ॲक्रोफायला स्त्रीलिंगी, म्हणून आल्टस नाही, आल्टा.