पाचवीत गेल्यापासून डबा तसाच परत येतो : आहार बदलावा की झोप?

सिंहगडरोडकर (प्रश्न)

माझी मुलगी दहा वर्षांची असून यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत तिची शाळा नऊला भरत असे, कारण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले होते. पाचवीला ही सवलत नाही. तिची शाळा आता सात वाजून दहा मिनिटांनी भरते, रिक्षाकाका सहा पस्तीसला खाली येऊन थांबतात आणि मला तिला साडेपाचला उठवावे लागते.

उठल्यावर तिला काहीही खावेसे वाटत नाही. दुधाचा पेला अर्धा तसाच राहतो. मधल्या सुट्टीचा डबाही बहुतेक दिवस जसाच्या तसा परत येतो. परवा तर तूप-गूळ लावलेल्या पोळीच्या सुरळीचा फक्त एक घास घेतलेला होता. घरी आल्यावर मात्र ती चार घास जेवून झोपते, साडेपाचला आजीबरोबर अर्धा कप चहा आणि खारी घेते, आणि त्यानंतर चिवड्याचा डबा तिच्या हातून सुटत नाही. यजमान नऊनंतर येतात, त्यामुळे आमचे जेवण पावणेदहाला होते आणि ती अकराला झोपते. वजन फारसे वाढलेले नाही, पण चिडचिड वाढली आहे. तिचा आहार सुधारण्यासाठी नेमके काय द्यावे, हे कोणी सांगू शकेल का?

बालरोगतज्ज्ञ_नाशिक

ताई, आपण आहाराविषयी विचारले आहे, परंतु आपण लिहिलेल्या वेळांची बेरीज केली तर रात्रीची झोप साडेसहा तास भरते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ९ ते १२ तास झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ सालची शिफारस आहे आणि आम्हीही तीच प्रमाण मानतो. दुपारची झोप धरली तरी तूट मोठी आहे. शिवाय दुपारी दीर्घकाळ झोपलेल्या मुलाला रात्री लवकर झोप येत नाही, म्हणजे ही तूट स्वतःच स्वतःला पोसत राहते.

कमी झोपेचा भुकेशी काय संबंध, याचे उत्तर देताना हल्ली सगळे लेप्टिन आणि घ्रेलिन या संप्रेरकांची नावे घेतात. ज्या प्रयोगाचा त्यासाठी वारंवार दाखला दिला जातो, तो २००४ मध्ये शिकागो येथे बारा तरुण पुरुषांवर झाला होता. दोन रात्री चारच तास अंथरुणात घालवल्यावर त्यांच्यात तृप्तीची सूचना देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. मुलांना हे आकडे जसेच्या तसे लावणे मला पटत नाही. मुलांवरचा मला अधिक उपयोगी वाटणारा प्रयोग २०१३ मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झाला. त्यात आठ ते अकरा वर्षांची ३७ मुले एक आठवडा नेहमीपेक्षा दीड तास अधिक आणि एक आठवडा दीड तास कमी वेळ अंथरुणात राहिली. अधिक झोपेच्या आठवड्यात त्यांचे खाणे दिवसाला सरासरी १३४ किलोकॅलरींनी कमी भरले. घ्रेलिनमध्ये मात्र फरक आढळला नाही. म्हणजे केवळ संप्रेरकांवर बोट ठेवून चालत नाही. जागरणाने थकलेल्या मुलाचा स्वतःवरचा ताबा सैल होतो, गोड-खारट-तळलेले अधिक हवेसे वाटते, आणि जागे राहण्याचा वेळ वाढल्याने खाण्याची संधीही वाढते. आपल्या घरातील चिवड्याचा डबा त्याच वेळी हाताशी असतो.

सकाळी भूक न लागण्याचे कारण तर अगदी सरळ आहे. पावणेदहाला पोटभर जेवलेल्या मुलीला साडेपाचला भूक लागावी ही अपेक्षाच चुकीची आहे. तिचे शरीर त्या वेळी रात्रीच्याच हिशेबात असते. त्यामुळे डब्यात काय द्यावे हा प्रश्न दुय्यम ठरतो. रात्रीचे जेवण साडेसातच्या सुमारास आणि अंथरूण नऊच्या आत, ही दोन कामे आधी करावीत. एकदम नको, दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटे मागे आणावे.

संध्याकाळचा चहा बंद करावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चहाच्या १५० मिलिलिटर पेल्यात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. मोठ्या माणसाच्या शरीरातूनही त्यातले निम्मे जायला साधारण पाच तास लागतात. अर्धा कप थोडा वाटतो, परंतु तो तिच्या वजनाच्या मानाने मोजावा.

निवृत्त_गुरुजी_सातारा

डॉक्टरांचे म्हणणे मान्य करून दुसरी बाजू मांडतो. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. आमची शाळा एरवी साडेदहाला आणि शनिवारी सकाळी भरत असे, त्यामुळे तीच मुले, तोच वर्ग आणि वेगळी वेळ अशी तुलना मला दर आठवड्याला आयती मिळे. शनिवारी पाढे म्हणताना आवाज चढत नसे. खिचडी शिजल्याचा वास आला की मागच्या रांगेतले एक-दोघे जागे होत. गावच्या यात्रेनंतरच्या दिवशी तर एक मुलगा ताटातल्या भातावर हात ठेवून तसाच झोपलेला मी पाहिला आहे.

परंतु माझ्या अनुभवात अपुऱ्या झोपेइतकेच अपुरे जेवणही दोषी होते. आई रानातून येऊन चूल पेटवेपर्यंत लहानगे आठलाच न जेवता झोपी जाई आणि पहाटे तीन-चारला भुकेने उठून बसे. अशा मुलाची झोप तासांत मोजली तर पुरेशी दिसते, तरी ते वर्गात पेंगतेच. प्राथमिक वर्गांसाठी शालेय पोषण आहारात ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने ठरवलेली आहेत. ती दिवसातल्या एका जेवणाची सोय आहे, रात्रीची नव्हे. म्हणून जेवण लवकर करा असे सांगताना ते हलके करा असेही जे सर्रास सांगितले जाते, त्याबाबत सावध राहावे. वाढत्या मुलीला साडेसातला दोन घास मऊ भात देऊन झोपवले, तर ती रात्री पाण्याच्या निमित्ताने उठेल. डाळ, भाजी, भाकरी, वर वाटीभर दही किंवा अंडे असे पूर्ण जेवण द्यावे.

ठाणेकर_बाबा

वरचे सल्ले योग्य असले, तरी सगळ्यांनी एकत्र जेवण्याची घरातली पद्धत मोडायची म्हणजे काय होते, हे मी सांगू शकतो, कारण आमच्या घरी उशिरा येणारा माणूस मीच आहे. मुलगा साडेसातला जेवू लागला, तेव्हा पहिले दोन आठवडे मला वाईट वाटले, आईला त्याहून वाईट वाटले, आणि मुलाने दाराचा आवाज ऐकून उठून येण्याचा सपाटा लावला. शेवटी मी त्याच्याबरोबरचे जेवण सोडून सकाळचा नाश्ता धरला. तो सहाला उठतो, मीही उठतो, आणि आम्ही दोघे थालीपीठ किंवा पोहे खातो. महिनाभराने त्याला सकाळी भूक लागू लागली. रविवारीही सातच्या पुढे झोपू द्यायचे नाही हे मात्र आम्हाला जमलेले नाही, आणि सोमवारचा डबा अजूनही अर्धा परत येतो.

सिंहगडरोडकर

सर्वांचे आभार. मी आहार विचारायला आले आणि घड्याळ घेऊन निघाले. सासूबाईंनी चहाऐवजी नाचणीची आंबील द्यायचे कबूल केले आहे, पण स्वतःचा चहा त्या तिच्यासमोर घेणारच. एक गोष्ट लिहायची राहिली होती. अंथरुणात पडल्यावर ती पाय सतत हलवत राहते, “पायात मुंग्या चालतात, दाबून दे” म्हणते, आणि त्यात अर्धा तास सहज जातो. हे थकव्यामुळे असावे का?

बालरोगतज्ज्ञ_नाशिक

ही गोष्ट महत्त्वाची आहे. बसल्या-पडल्या पायांत अस्वस्थता येणे आणि हलवल्यावर किंवा दाबल्यावर बरे वाटणे, यामागे अनेकदा शरीरातील लोहाचा साठा कमी असणे हे कारण असते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात आपल्या देशातील पाच ते नऊ वर्षांच्या २४ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या २८ टक्के मुलामुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि साठा तर हिमोग्लोबिन उतरण्यापूर्वीच रिकामा होतो. म्हणून केवळ हिमोग्लोबिन न पाहता फेरिटिनची, म्हणजे लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्तातील प्रथिनाची, तपासणी करून घ्यावी. सर्दी-ताप असताना ती करू नये, कारण त्या काळात फेरिटिन वाढलेले दिसते आणि फसगत होते. अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लोहाचे औषध सुरू करू नये. अहळिवाचा लाडू, पालेभाजीवर पिळलेले लिंबू, मोड आलेली मटकी हे आजपासून चालेल. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, त्याने लोहाचे शोषण अडते.

सिंहगडरोडकर

सोमवारी तपासणीला नेते. काल पावणेआठला जेवली, दहाला झोपली, पाय मात्र दाबावेच लागले. आज डब्यातली पोळी अर्धी संपली होती. उरलेली रिक्षातल्या मैत्रिणीने खाल्ली असे कळले.