जुने प्रीसेट नव्या आवृत्तीत न्यावेत का? माझं मत: सरसकट नकोत

खर्जवाला
सिंथची (संगणकावर वाजणाऱ्या सॉफ्टवेअर वाद्याची) नवी आवृत्ती आली की पहिला प्रश्न ठरलेला, "जुने प्रीसेट चालतील ना?" चालतील की नाही ते निर्माते सांगतातच. ते चालवावेत का, यावर मला बोलायचंय. मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं: पूर्ण झालेल्या प्रोजेक्टांत जे आवाज वापरलेत ते जपा. बाकीचं फोल्डर जुन्या आवृत्तीपाशीच राहू द्या.

प्रीसेटच्या फाइलीत आवाज नसतो, कुठला नॉब कुठे आहे एवढंच असतं. व्हीएसटी २ या प्लगइनच्या जुन्या फॉरमॅटमध्ये होस्टला, म्हणजे प्लगइन चालवणाऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला, प्रत्येक पॅरामीटर (नॉबची जागा) ० ते १ यांमधला आकडा म्हणून दिसतो. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून आवाज कापायला लागतो ती जागा, ०.५ वर असेल, तर ०.५ म्हणजे किती हर्ट्झ हे प्लगइनच्या कोडमध्ये ठरतं. नव्या आवृत्तीत फिल्टरची रेंज वरच्या बाजूला वाढवली की तोच ०.५ भलत्याच जागी जाऊन बसतो. प्रीसेट उघडतो, नाव तेच दिसतं, एररही येत नाही. एरर येत नाही हीच तर गोम आहे. पॅड (लांबणारा, मऊ आवाज) जरा उजळ वाजतो, आपल्याला वाटतं कानच थकलेत.

यात फिल्टरचं गणित बदललं, ओव्हरसॅम्पलिंग (आतलं गणित जास्त वेगाने करणं) आलं, एन्व्हलपचा (आवाजाच्या चढ-उताराचा) वळसा सुधारला, हे सगळं आणखी मिळवा. मग अख्खं फोल्डर ओतून आपण नक्की काय वाचवलं?

अर्धमात्रा
असहमत. तुमच्या डोळ्यांसमोर बहुतेक फॅक्टरी प्रीसेट आहेत. माझ्या फोल्डरातले मी स्वतः बनवलेत. मॉड्युलेशन व्हीलने किती उघडायचं, जोरात दाबलं की फिल्टरने किती धावायचं, हे माझ्या हातांवर बसवलेलं आहे. ते सगळं नव्याने बांधा म्हणणं सोपं आहे, कारण बांधायचं मला आहे.

तुमचं ०.५ चं उदाहरण बरोबर आहे, पण त्यावरून निष्कर्ष उलटा निघतो. तो दोष निर्मात्याचा. सर्ज हे सिंथ बघा. २०१८ मध्ये ते ओपन सोर्स झालं, २०२२ मध्ये सर्ज एक्सटी आलं. त्याच्या प्रत्येक पॅचमध्ये, म्हणजे प्रीसेटमध्ये, आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो. जुना क्रमांक दिसला की कोड त्या काळच्या अर्थाने आकडे वाचतो. २०२५ मध्ये आलेलं सीरम २ सुद्धा पहिल्या सीरमचे प्रीसेट उघडतं. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. आपणच "नकोत सरसकट" म्हणत बसलो, तर कोण कशाला करेल?

शून्यडेसिबल
दोघांच्या मध्ये पडत नाही, फक्त एक तांत्रिक गोष्ट. एफएक्सपी, म्हणजे व्हीएसटी २ ची प्रीसेट फाइल, म्हटलं की सगळे एकच प्रकार धरून चालतात, पण त्यात दोन प्रकार आहेत. एकात पॅरामीटरची सरळ यादी असते. दुसऱ्यात "चंक", म्हणजे प्लगइनने स्वतःच्या भाषेत बांधलेलं गाठोडं. ते दुसऱ्या कुणाला सोडवता येत नाही. खर्जवाल्यांचं उदाहरण पहिल्या प्रकाराला तंतोतंत लागू. चंकमध्ये निर्माता थेट हर्ट्झही लिहून ठेवू शकतो आणि आवृत्तीचा क्रमांकही. कुणी लिहितं, कुणी नाही.

शिवाय फाइलीच्या सुरुवातीलाच प्लगइनची चार अक्षरी ओळख असते. नव्या आवृत्तीने ती बदलली असेल, तर होस्ट फाइल घेतच नाही. बरेच जण अशा वेळी फाइल खराब झाली समजून उडवतात. कृपया उडवू नका. आधी होस्टचा मेनू सोडून प्लगइनच्या स्वतःच्या मेनूतून उघडून बघा. तेही जमलं नाही, तर जुन्या प्लगइनमध्ये उघडून त्याच्याच फॉरमॅटमध्ये सेव्ह करा आणि मग नव्याला द्या.

सर्वांत निर्धास्त ते फॉरमॅट, जे साध्या एडिटरमध्ये वाचता येतात. व्हायटल या सिंथची फाइल जेसन, म्हणजे साधा मजकूर, आहे, यू-ही या कंपनीची एच२पी फाइलही मजकुराचीच. आकडे डोळ्यांना दिसतात, मग अगदी वाईट वेळ आली तरी हाताने उतरवता येतात.

घुमारा
खर्जवाल्यांना +१. मोठं फोल्डर असलं की माणूस वाजवत नाही, चाळत बसतो.

अर्धमात्रा
@घुमारा, तो चाळणाऱ्याचा प्रश्न. त्यावर टॅग लावणं हा उपाय आहे.

आणि प्रीसेट टिकत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी: डीएक्स७ हा कीबोर्ड १९८३ चा. त्याची ३२ आवाजांची सिस्टिम एक्सक्लुझिव्ह फाइल ४१०४ बाइटची असते. ती आज डेक्स्ड या डीएक्स७ ची नक्कल करणाऱ्या प्लगइनमध्ये टाकली की वाजते. चाळीस वर्षं उलटून गेली.

खर्जवाला
वाजते, मान्य. पण त्याच डेक्स्डमध्ये इंजिन निवडायची सोय आहे ना? एक आधुनिक २४ बिटचं, एक मूळ यंत्राच्या वळणाचं, एक ओपीएल या जुन्या साउंडकार्डांतल्या चिपच्या धर्तीचं. फाइल तीच, बाइट तेच, आणि तीन वेगळे आवाज. माझा मुद्दा तुम्हीच पुराव्यासह मांडलात.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल. डीएक्स७ टिकला, कारण कुठला बाइट कशासाठी हे उघड होतं. आजच्या चंकवाल्या प्लगइनांबद्दल ते म्हणता येईल का?

अर्धमात्रा
तीन आवाज निघतात, पण तिन्ही ओळखू येतात! वाद्य बदललं की आवाजाचा पोत थोडा बदलणारच. मला शंभर टक्के तोच आवाज नकोय, तिथून सुरुवात करता यायला हवी. नव्वद टक्के आयतं मिळालं तर उरलेलं मी कानाने जुळवीन. तुमच्या पद्धतीत मला रिकामं पान मिळतं.

रेघोट्या
मला वाटतं तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. प्रीसेटचं फोल्डर एक आणि जुना प्रोजेक्ट दुसरा. मिक्सिंग करताना माझा सगळा त्रास दुसऱ्यात असतो.

व्हीएसटी २ मध्ये ऑटोमेशन, म्हणजे गाण्यात नॉब आपोआप फिरवणारी रेघ, पॅरामीटरच्या क्रमांकाला बांधलेलं असतं. निर्मात्याने यादीच्या मध्ये एक नवा पॅरामीटर घुसवला की खालचे सगळे एकेक घर सरकतात. कटऑफसाठी काढलेली रेघ रेझोनन्सला लागते आणि कोरसमध्ये अचानक शिट्टी वाजते. व्हीएसटी ३ मध्ये प्रत्येक पॅरामीटरला कायमचा आयडी असतो, म्हणून तिथे हे टळतं. शिवाय नवं व्हीएसटी ३ हे जुन्या व्हीएसटी २ चंच रूप आहे, असं निर्मात्याने कोडमध्ये जाहीर केलेलं असेल, तर क्युबेससारखा होस्ट जुन्या प्रोजेक्टमध्ये अदलाबदल आपोआप करतो. सगळेच निर्माते ते करत नाहीत.

म्हणून नवी आवृत्ती वेगळं प्लगइन म्हणून बसते तेव्हा मला बरं वाटतं. सीरम २ तसंच आहे, जुना प्रोजेक्ट जुन्यालाच उघडतो. मॅसिव्ह एक्स २०१९ मध्ये आलं ते तर जुन्या मॅसिव्हचे प्रीसेट वाचतच नाही. त्यावर लोकांनी बराच शंख केला. मला तो सरळ व्यवहार वाटतो. अर्धवट तसाच आवाज देण्यापेक्षा "हे वेगळं वाद्य आहे" म्हटलेलं काय वाईट?

खर्जवाला
हेच म्हणतोय! जुनं शेजारी बसवून ठेवा.

शून्यडेसिबल
कधीपर्यंत? २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनाने ३२ बिटची सगळी प्लगइन एका अपडेटमध्ये बंद पाडली. व्हीएसटी बनवणाऱ्या स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी २ चे नवे परवाने थांबवले आणि २०२२ मध्ये स्वतःच्या होस्टमधूनही व्हीएसटी २ काढणार असं सांगितलं. "शेजारी बसवून ठेवा" हा सल्ला पुढच्या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंतच पुरतो.

खर्जवाला
म्हणून तर बाउन्स. गाणं संपलं की प्रत्येक सिंथचा ट्रॅक कोरडा आणि इफेक्टसह, असा दोनदा ऑडिओमध्ये काढायचा. वेव्ह फाइल कुठल्याही आवृत्तीत उघडते.

अर्धमात्रा
आणि वर्षभराने गायिका म्हणाली, पट्टी अर्ध्या स्वराने उतरवा, मग? ऑडिओ खेचला की पॅडच्या शेपट्या फाटतात. मिडी (वाजवलेल्या स्वरांची नोंद) आणि प्रीसेट असेल तर एका फटक्यात होतं.

खर्जवाला
मिडी ठेवायचीच, ती कुठे टाका म्हणालो? आणि महत्त्वाच्या आवाजाचे दर तिसऱ्या स्वरावर सॅम्पल काढून ठेवायचे, दोन-तीन दाबांवर. सॅम्पलरमध्ये बसवले की झालं.

अर्धमात्रा
झालं कसं? आवाजात एलएफओ (आवाज संथपणे हलवणारी लहर) असेल तर तो सॅम्पलमध्ये गोठतो. वरचा स्वर वाजवला की कंपनं जलद, खालचा वाजवला की संथ, आणि कॉर्डमध्ये तिन्ही स्वर आपापल्या चालीने थरथरतात. टेम्पोला बांधलेल्या आवाजांचं तर बोलायलाच नको. साध्या बेसला तुमची युक्ती चालेल. हलत्या पॅडला नाही.

रेघोट्या
पॅडच्या बाबतीत अर्धमात्रांशी सहमत. दर तिसऱ्या स्वराऐवजी प्रत्येक स्वर घेतला तर वेग सारखा राहतो, पण सॅम्पलची लांबी आणि लूप यात जीव जातो.

नवशिका_७
मध्येच विचारतो. जुना आणि नवा आवाज सारखा आहे की नाही हे तपासायला मी एकाचा फेज उलटा करून दोन्ही एकत्र वाजवले. शांतता यायला हवी होती, पण भरपूर आवाज उरतो. म्हणजे प्रीसेट नीट आला नाही ना?

शून्यडेसिबल
तेवढ्यावरून ठरवू नका. मोकळे फिरणारे ऑसिलेटर दर वेळी वेगळ्या फेजवर सुरू होतात, त्यामुळे तोच प्रीसेट त्याच आवृत्तीत दोनदा वाजवला तरी शांतता येणार नाही. रँडम फेज आणि ड्रिफ्ट बंद करा, एलएफओ प्रत्येक स्वराला पुन्हा सुरू होईल असा ठेवा, कोरस-रिव्हर्ब काढा. मग उलटवा. एवढं करूनही उरलं तर एकेक करून बघा: फक्त ऑसिलेटर, मग फिल्टर, मग एन्व्हलप. बहुतेक वेळा फरक फिल्टरपाशी सापडतो.

आणि प्रीसेट सॅम्पल किंवा बाहेरची वेव्हटेबल (लहरींचा संच) वापरत असेल, तर ती फाइल नव्या मशीनवर त्याच पत्त्यावर आहे का ते आधी बघा. नसेल तर काही प्लगइन निमूटपणे साधी सॉटूथ लहर लावतात.

नवशिका_७
वेव्हटेबलचं फोल्डरच नेलं नव्हतं. आता लीड ओळखीचा वाजतोय, पॅड अजून उजळच आहे.

खर्जवाला
@अर्धमात्रा, पॅडचं वाचलंत ना?

अर्धमात्रा
वाचलं. कटऑफ थोडा खाली घ्यायला सांगा त्यांना. पहिल्यापासून पॅड बांधायला सांगू नका.